खिशातला तुटका तुकडा

पहिल्या सायकल प्रदर्शनातून परत आले त्या रात्री मी पलंगावर अख्खी पिशवी उलटी केली. कॅटलॉग, पत्रकं, स्टिकर, किल्ल्यांच्या साखळ्या, पाण्याच्या दोन बाटल्या. मोबाइलमध्ये तीनशेच्या वर फोटो. शेजारच्या खोलीतून मामा आले, ढिगाकडे बघितलं आणि त्यांनी विचारलं, “काय पाहिलंस?” मी म्हटलं, “खूप सायकली.” ते “बरं” म्हणाले आणि परत गेले. त्या ‘बरं’ने मला पुढे कित्येक महिने चैन पडू दिलं नाही. दोन दिवस पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरून मी सांगण्यासारखं एकही वाक्य घेऊन आले नव्हते.

त्यानंतर आणखी तीन प्रदर्शनांना जाऊन आले. त्यातल्या एकाला मामा बरोबर होते, आणि खरं म्हणजे मला त्याच एकाबद्दल लिहायचं आहे. पण लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्या आमच्या गटात दरवर्षी कुणीतरी नव्याने विचारतं, की रजा टाकून, एवढा प्रवास करून सायकलींच्या व्यापारी प्रदर्शनाला जाण्यात काही अर्थ आहे का? पूर्वी मी “जा की, मजा येते” असं सांगून मोकळी व्हायचे. आता उलट विचारते, “काय घेऊन जाणार आहेस?” समोरच्याला वाटतं मी बॅगेबद्दल बोलते आहे.

ही प्रदर्शनं मुळात आपल्यासारख्या चालवणाऱ्यांसाठी भरवलेलीच नसतात, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. बनवणारा, सुटे भाग पुरवणारा आणि दुकानात विकणारा यांनी एका छपराखाली भेटावं, पुढच्या हंगामाचा माल ठरवावा, हा त्यांचा मूळ हेतू. चालवणारा तिथं पाहुणा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी पहिले काही दिवस त्याला आत प्रवेशच नसतो. तरीही एकेकाळी तिथं जाण्याला पर्याय नव्हता. १८८५ साली लंडनच्या स्टॅन्ली प्रदर्शनात जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ मांडली. तोवर सायकल म्हटली की पुढचं चाक छातीला लागेल एवढं मोठं, मागचं अगदी बारकं, आणि बसणारा त्या मोठ्या चाकाच्या टोकावर. खड्डा आला की तो थेट तोंडावर आपटायचा. रोव्हर बुटकी होती, पाय जमिनीला टेकत होते, आणि साखळी मागच्या चाकाला ताकद पोचवत होती. आज आपण जिला सायकल म्हणतो तिची ती आई. तेव्हाच्या सायकलवाल्याला हे प्रकरण काय आहे ते समजून घ्यायचं तर त्या मंडपात जाऊन उभं राहणं भाग होतं.

पुढची शंभर वर्षं हे असंच चाललं. अमेरिकेत १९८२ साली इंटरबाइक हे प्रदर्शन सुरू झालं. जर्मनीत बोडन सरोवराच्या काठी फ्रीड्रिशहाफेन नावाच्या लहानशा शहरात १९९१ पासून युरोबाइक भरू लागलं आणि वाढत वाढत जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल प्रदर्शनांत जाऊन बसलं. मग घडी विस्कटली. मोठ्या कंपन्यांनी आपापले वेगळे मेळावे सुरू केले, दुकानदारांना तिकडेच बोलावून घेऊ लागल्या. नवी सायकल कुठल्या दिवशी जाहीर करायची हे प्रदर्शनाच्या तारखेवर अवलंबून राहिलं नाही. युरोबाइकने २०१८ मध्ये आपली तारीख जुलैत ओढून बघितली, पुढच्या वर्षी परत सप्टेंबरला नेली, आणि २०२२ पासून तर ते गाव सोडून फ्रँकफर्टला गेलं. इंटरबाइक २०१८ मध्ये शेवटचं भरलं. ही बातमी वाचली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, जरी मी तिथं कधीच गेले नव्हते.

आणि ज्याला आपण ‘नवं’ म्हणून बघायला धावतो ते तिथं पोचेपर्यंत जुनं झालेलं असतं. तैवानमधलं ताइचुंग शहर हे सायकल उद्योगाचं माहेर. जायंट या सायकल कंपनीचं मुख्यालय तिथलंच. तिथं शरद ऋतूत ताइचुंग बाइक वीक भरतो, तोही कितीतरी वर्षं हॉटेलांच्या खोल्यांमधून आणि दालनांमधून. तिथं जनतेला आमंत्रण नसतं. पुढे बाजारात येणाऱ्या सायकलीला कुठला फोर्क, कुठले ब्रेक, कुठलं सीट बसवायचं याच्या बोलण्या तिथं एका टेबलाभोवती होतात. आपण नंतर जे झगमगत्या दिव्यांखाली बघतो तो झालेल्या सौद्याचा समारंभ असतो. म्हणून बातमीसाठी जाणार असाल तर घरीच थांबा, हे मी अगदी मनापासून सांगते. बातमी तुमच्याआधी घरी पोचलेली असते.

मग जायचं कशासाठी? तर हातासाठी.

मला लांबच्या राइडमध्ये हाताला मुंग्या यायच्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) शेवटच्या साठ किलोमीटरला गिअर बदलायचा तर करंगळी कुठे आहे हे डोळ्यांनी बघावं लागायचं. तळव्याच्या त्या बाजूने जी नस बोटांकडे जाते ती हँडलवर दाबली जाते, एवढं मला वाचून माहीत होतं. काय बदलायचं हे मात्र वाचून कळत नव्हतं. हँडलची रुंदी, खाली येताना ते बाहेर किती फाकतं, ब्रेकच्या मुठीचा वरचा भाग गोल आहे की चपटा, या साऱ्याचे आकडे असतात. आकडे वाचून हाताला काहीही समजत नाही. दुसऱ्या प्रदर्शनात एका हँडल बनवणाऱ्याने भिंतीवर ओळीने पंचवीस-तीस हँडल ठोकून ठेवली होती, खऱ्या उंचीवर, ब्रेकच्या मुठींसकट. मी तिथं पाऊण तास उभी होते. एकेका हँडलला धरायचं, डोळे मिटायचे, अंगाचा भार टाकायचा, मनगट कुठे वाकतंय ते बघायचं. माझ्या सायकलीला कारखान्यातून ४२ सेंटिमीटरचं हँडल आलं होतं. ३८ ला हात लावला आणि खांदे आपोआप खाली उतरले. खांदे वर चढवून मी इतकी वर्षं सायकल चालवत होते हे मला त्या क्षणी कळलं. कुठल्याही दुकानात एका वेळी पंचवीस हँडल लावून ठेवणं परवडणार नाही, आणि पडद्यावर तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

सीटचंही तसंच, पण थोडं कमी. बसण्याच्या हाडांमधलं अंतर मोजायला स्टॉलवर जेलची गादी किंवा दाबाचं यंत्र असतं. त्यावर बसून यावं, आकडा लिहून घ्यावा. पुढचं घरी.

आता मामांबद्दल.

माझे मामा उभ्या आयुष्यात सायकली दुरुस्त करत आले. चाक सरळ करायला मला त्यांनीच शिकवलं. स्पोकवर नख मारून आवाजावरून ताण ओळखायचा, हे त्यांच्याकडून शिकायला मला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. त्या वर्षी त्यांना बरोबर नेण्याचं कारण एक तुटका तुकडा होता. तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, मध्यरात्रीनंतर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत माझं मागचं चाक पेडलला दाद देईनासं झालं होतं. पाय फिरतोय, साखळी फिरतेय, चाक मात्र मधेच सुटतंय. तीनशेला वीस तास मिळतात आणि माझ्याकडे वेळ भरपूर शिल्लक होता, पण पुढच्या चढावर पेडल एकदम मोकळं फिरलं आणि मी गुडघ्यावर पडले. राइड तिथंच संपली. घरी आल्यावर मामांनी हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडलं. आतल्या तीन कुत्र्यांपैकी एकाचा कोपरा उडाला होता. (फ्रीव्हीलच्या पोटातल्या त्या स्प्रिंग लावलेल्या छोट्या खिट्ट्यांना मिस्त्री मंडळी कुत्रीच म्हणतात. दात धरतात म्हणून असेल.) मामांनी दुसरं कुत्रं बसवून दिलं, पण ते तुटलं का हे त्यांनाही सांगता येईना. “धातू कच्चा असेल,” ते म्हणाले. त्यांचं स्वतःचंच त्यावर समाधान झालेलं नव्हतं, हे मला आवाजावरून कळलं. तो तुकडा मी कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला.

मोठ्या दालनात शिरल्यावर मी नेहमीच्या सवयीने समोरच्या झगमगाटाकडे वळले. मामा वळले नाहीत. ते जिथं चाक दिसेल तिथं थांबायचे, ते उचलून हाताने फिरवायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मी दोन-तीनदा म्हटलं, “मामा, चला ना, पुढे खूप बघायचंय.” ते म्हणाले, “थांब गं, ऐकू दे.” एका ठिकाणी डीटी स्विस कंपनीचं हब मधून कापून काचेत ठेवलं होतं. आत कुत्री नव्हतीच. दातेरी कडा असलेल्या दोन चकत्या समोरासमोर, मागून स्प्रिंग, आणि पेडल मारलं की सगळे दात एकदम एकमेकांत बसतात. शेजारी हाताने फिरवायची नमुन्याची हब होती. १८ दातांची चकती असेल तर पकड बसायला पाय वीस अंश फिरेपर्यंत वाट बघावी लागू शकते, ३६ दातांची असेल तर दहा, ५४ ची असेल तर सातहून कमी. हे गणित मी वाचलेलं होतं. मामांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांनी तिन्ही हब आळीपाळीने फिरवली, आवाज ऐकला, आणि स्टॉलवरच्या मुलाला माझ्यामार्फत विचारलं, “दात वाढवले म्हणजे प्रत्येक दात बारीक झाला. मग तो झिजणार नाही का?” त्या मुलाचा चेहरा एकदम उजळला. त्यानंतर वीस मिनिटं तो कुणाशीही बोलला नाही, फक्त आमच्याशी बोलला. चेहऱ्यावरचं विक्रीचं हसू गेलं आणि त्याच्यातला कारागीर दिसू लागला. हे मी पुढे बऱ्याचदा पाहिलं आहे. “यात नवीन काय?” असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. “हे मोडतं कुठे?” असं विचारलं की माणूस खुर्ची ओढून देतो.

तुटक्या कुत्र्याचं उत्तर मात्र त्या दालनात मिळालं नाही. ते मिळालं अगदी मागच्या दालनात. प्रत्येक प्रदर्शनाला अशी एक मागची बाजू असते. तिथं गालिचे नसतात. तीन मीटर बाय तीन मीटरचे गाळे, पत्र्याच्या टेबलावर ओळीने मांडलेले बेअरिंग, नटबोल्ट, स्पोकच्या टोप्या, केबलची टोकं. चालवणारे तिकडे फिरकत नाहीत, फोटो काढण्यासारखं काही नसतं. मी म्हणते, वेळ कमी असेल तर पुढची दालनं सोडा आणि सरळ इकडे या. सायकल इथं असते. पुढे असतो तो तिचा रंग.

एका गाळ्यात हबचे आतले भाग बनवणारे एक वयस्कर गृहस्थ एकटेच बसले होते. मी पुडी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भिंग काढलं, तुकडा दिव्याखाली धरला, उलटा केला, परत सुलटा केला. आमची तिघांची मिळून एक भाषा नव्हती. ते तोडकं इंग्रजी बोलत होते, मी मामांना मराठीत सांगत होते. त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. कुत्र्याची जी कड दातावर टेकते ती सरळ झिजायला हवी होती. ती फक्त टोकाला, तिरकी, गोलसर झिजली होती. त्यांनी कागदावर चित्र काढलं. कुत्रं पूर्ण उठलं की अख्खी कड दातात बसते आणि जोर तिन्ही कुत्र्यांत वाटला जातो. ते अर्धवट उठलं तर नुसतं टोक टेकतं. मग तुम्ही चढावर उभ्या राहून पेडल मारता तेव्हा सगळा जोर त्या एका टोकावर. ते एकदा सुटतं, दोनदा सुटतं, आणि एके दिवशी कोपरा उडतो.

“अर्धवट का उठेल?” मी विचारलं.

त्यांनी विचारलं, “आत ग्रीस कुठलं घातलं होतं?”

मला उत्तर माहीत होतं. बेअरिंगचं जाडं ग्रीस, बोटाने भरभरून. मामांनी ते घातलं होतं, त्या राइडच्या आदल्याच आठवड्यात, लांब जाणार आहेस म्हणून नीट भरून देतो असं म्हणून. थंडीत ते ग्रीस घट्ट झालं आणि एवढ्याशा स्प्रिंगला कुत्रं उचलता येईना. त्या गृहस्थांचं वाक्य संपलं तेव्हा मामा माझ्याकडे बघत होते, मी मराठीत काय सांगते याची वाट पाहत. मला ते सांगवेना. मी म्हटलं, “ते म्हणतायत, थंडीमुळे झालं असेल.”

मामांनी कागद आपल्याकडे ओढला. चित्राकडे थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी टेबलावरची ग्रीसची डबी उचलून बोटांनी चिमटीत घेण्याचा अभिनय केला आणि त्या गृहस्थांकडे प्रश्नार्थक बघितलं. त्या गृहस्थांनी होकारार्थी मान हलवली. मामा मला म्हणाले, “ग्रीस मीच भरलं होतं ना गं.” मी काही बोलले नाही. त्यानंतर त्या दोघांनी माझी फारशी गरज ठेवली नाही. बेअरिंगला काय, कुत्र्यांना काय, पातळ तेल किती थेंब, किती महिन्यांनी, हे सगळं हातवाऱ्यांनी आणि चित्रांनी चाललं. निघताना त्या गृहस्थांनी एक नवं कुत्रं मामांच्या हातात ठेवलं आणि तुटकं स्वतःसाठी मागून घेतलं. मामांनी ते दिलं.

घरी पोचल्यावर मामांनी पहिलं काम केलं ते म्हणजे माझं हब उघडलं, आतलं सगळं ग्रीस पुसून काढलं आणि कुत्र्यांना दोन-दोन थेंब तेल दिलं. मग त्यांनी आपल्या ओळखीतल्या किती जणांच्या सायकलींना तसं ग्रीस घातलंय ते आठवून आठवून लिहून काढलं आणि एकेकाला बोलावून घेतलं. हे काम दोन आठवडे चाललं. एका प्रदर्शनाचं मोल यापेक्षा जास्त काय असू शकतं, मला खरंच सुचत नाही.

त्या दोन दिवसांत मामांचा आणखी एक प्रश्न होता आणि तो त्यांनी जवळपास प्रत्येक स्टॉलवर विचारला. “हे दहा वर्षांनी मिळेल का?” हा प्रश्न भाषांतर करून विचारताना मला पहिल्यांदा संकोच वाटला. नंतर मी तो त्यांच्याहून मोठ्याने विचारू लागले. कारण मी या प्रश्नाची झळ सोसलेली आहे. माझ्या एका सायकलीचं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, दाबून बसवायच्या प्रकारातलं होतं. त्या फ्रेमने चार वर्षं मला कुरकुर ऐकवली. किती बेअरिंग बदलली याचा हिशोब सोडून दिला.

हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. अनेक दशकं पेडलचा दांडा ज्यात फिरतो ती नळी बहुतेक सायकलींत ६८ मिलिमीटर रुंद आणि आट्यांची असायची. वाटी पिळून बसवायची, पिळून काढायची. मग दांडा जाड करून वजन कमी करायची आणि ताठपणा वाढवायची टूम निघाली, तेव्हा आटे गेले आणि बेअरिंग थेट फ्रेममध्ये ठोकून बसवायला लागले. कुणाचं भोक ४२ मिलिमीटरचं, कुणाचं ४६ चं, कुणाचं ४१ चं. जिथं भोक अगदी अचूक होतं तिथं सगळं छान चाललं. जिथं केसभर फरक राहिला तिथं बेअरिंग हलायला लागलं, आणि त्या हलण्याचा आवाज फ्रेमच्या पोकळीत घुमायला लागला. दरवर्षी नवं नाव, दरवर्षी नवा आकडा, आणि प्रत्येक वेळी दिव्यांखाली ‘आता प्रश्न मिटला’ अशी घोषणा. शेवटी काही जणांनी मोठ्या व्यासाच्या नळीला परत आटे पाडले. त्याला टी-४७ म्हणतात, कारण आट्यांचा व्यास ४७ मिलिमीटर. मामांना मी हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या आट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. “आटे परत आले,” एवढंच म्हणाले.

त्यांच्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं मी वहीत लिहून ठेवली आहेत. काहींनी विषय बदलला. काहींनी नव्या मॉडेलची गोष्ट सुरू केली. एका ब्रेक बनवणाऱ्या बाईंनी मागच्या खोक्यातून सुट्या भागांची यादी काढून पुढे ठेवली, आणि आपल्या कितीतरी जुन्या ब्रेकचं रबरी कडं आजही वेगळं मिळतं हे बोट ठेवून दाखवलं. माझ्या आजच्या सायकलीवर त्यांचे ब्रेक आहेत.

चालवून बघायच्या ट्रॅकबद्दल मात्र सावध राहा. अमेरिकेत इंटरबाइकच्या आधी दोन दिवस बूटलेग कॅन्यनच्या डोंगरात दुकानदारांना सायकली चालवायला देत, म्हणजे खऱ्या दगडधोंड्यांत. कॅलिफोर्नियातल्या सी ऑटरसारख्या सायकल उत्सवातही सायकल हातात मिळते आणि जवळच खरे ट्रेल असतात. बहुतेक प्रदर्शनांत मात्र दालनाच्या मागे गुळगुळीत जमिनीवर एक वळणावळणाची पट्टी आखलेली असते आणि तुमच्या मागे रांग असते. पंधरा मिनिटांत कळतं ते एवढंच: ब्रेक बोटाला पोचतो का, वळताना पायाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का, हँडल वळवताना सायकल हाक ऐकते की ओढून न्यावी लागते. लहान फ्रेम चालवणाऱ्यांनी पाय लागण्याची खात्री तिथंच करून घ्यावी, नंतर पस्तावायची वेळ येते. सीट सहा तासांनी कसं वाटेल, हाताला मुंग्या येतील का, हे तिथं कळणार नाही. आणि ज्या सायकलीमुळे ‘वा’ वाटतं, तिच्या टायरमधली हवा आधी दाबून बघा. टायर रुंद असेल आणि हवा बेताची असेल तर साधी सायकलही मऊ लागते. सीटची उंची बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून घरी मोजून न्यावी, आपली पेडल पिशवीत टाकावीत. नाहीतर तुम्ही सायकल तपासत नाही, अनोळखी उंचीवर बसण्याचा अनुभव घेता. आपल्या चालू सायकलीचे स्टॅक आणि रीच हे दोन आकडेही लिहून न्या. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबचं (हँडलखालच्या नळीचं) वरचं टोक किती वर आणि किती पुढे, एवढंच ते सांगतात, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या सायकली शेजारी ठेवायच्या तर त्याच आकड्यांवर भिस्त ठेवता येते. ‘मीडियम’ या शब्दावर ठेवू नका.

बॅटरीच्या सायकलींबद्दल मी फार बोलणार नाही, मला त्यातलं खोलात कळत नाही. त्यांनी दालनांचा फार मोठा भाग व्यापला आहे आणि सामान वाहणाऱ्या सायकली बघून मला खरोखर आनंद झाला, एवढं सांगते. पुढच्या खोक्यात दोन मुलं बसवून एक आजी ट्रॅकवर चकरा मारत होत्या आणि उतरायला तयार नव्हत्या.

एक गोष्ट बोचली, तीही सांगून टाकते. एका मोठ्या स्टॉलवर मी माझ्या उंचीच्या फ्रेमबद्दल विचारत होते आणि तिथला माणूस प्रत्येक उत्तर मामांकडे बघून देत होता. मामांना त्याचं अक्षरही कळत नव्हतं. तीन-चार उत्तरं झाल्यावर मामांनी त्याच्यासमोर हात आडवा धरला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “सायकल तिची आहे. तिला सांगा.” शब्द कळले नसतील, पण त्याला कळलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर दुकानाचं नाव आहे का, हे आधी बघून मग चेहऱ्याकडे बघणारेही असतात. अशा ठिकाणी वेळ घालवू नये. शेजारच्या गाळ्यात तुमच्या प्रश्नाची वाट बघणारं कुणीतरी असतं.

हाताने फ्रेम बनवणाऱ्यांची छोटी प्रदर्शनं या दृष्टीने मला जास्त जवळची वाटतात. अमेरिकेत २००५ पासून डॉन वॉकर यांनी अशा कारागिरांना एकत्र आणलं, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला २०११ मध्ये बीस्पोक्ड हे तसंच प्रदर्शन सुरू झालं. तिथं टेबलामागे उभा असतो तोच ज्याने नळी कापली, कानशीने घासली, पितळ वितळवून जोडली. त्याच्या नखांत अजून काळं असतं. विचाराल ते सांगतो, चुकलेलं काय तेही सांगतो. अशा एका टेबलावर मी अर्धवट सोडलेला जोड बघितला होता, रंग न दिलेला, कानशीचे ओरखडे तसेच. शेजारची चकाकणारी पूर्ण सायकल मला आज आठवत नाही. तो जोड आठवतो.

नवी सायकल लगेच घ्यायची आहे म्हणून जाणार असाल तर मी नको म्हणेन. तिथं बघितलेली सायकल तुमच्या मापात, तुमच्या दुकानात, तुमच्या हातात यायला बराच काळ जातो, आणि तोवर जुनीवर मन लागत नाही. हे मी दोन मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं आहे. पण तुमची सायकल तुम्हाला काही तरी सांगत असेल, कुरकुर, मुंग्या, झीज, जे कुणाला उलगडत नाहीये, तर जा. तो भाग खिशात टाकून जा. फोटो नको, भागच हवा. फोटोला भिंग लावता येत नाही.

यंदा मामांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. मी एकटीच गेले. मागच्या दालनात त्या गृहस्थांचा गाळा शोधला, तो नव्हता, तिथं दुसरंच कुणी होतं. मला वाईट वाटलं. मग हबच्या एका स्टॉलवर थांबले, मामांना फोन लावला आणि म्हटलं, “मामा, ऐका.” फोन चाकाजवळ धरला आणि चाक फिरवलं. पलीकडे शांतता होती.

“परत फिरव.”

मी परत फिरवलं.

“हे नाही. याच्या शेजारचं.”

शेजारचं फिरवलं. त्याचा आवाज दबका, ओलसर होता. मी श्वास रोखून ऐकत होते.

“यात ग्रीस जास्त झालंय,” मामा म्हणाले. “सांग त्यांना.”

मी सांगितलं.